गोदीतले हत्ती

माझे सासरे कोल्हापुरातल्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवत होते. आम्ही सुना त्यांना मामंजी म्हणायचो आणि उरलेली सगळी मंगळवार पेठ त्यांना सर म्हणायची. पेठेत बापाला शिकवून मग त्याच्या लेकालाही शिकवलंय अशी घरं बरीच होती, त्यामुळे त्यांनी सांगितलेलं काही खोटं असेल ही शक्यता कुणाच्या डोक्यात येत नसे. माझ्या येई, पण मी कुरुंदवाडची. आमच्याकडे माणूस शंका घेतच जन्माला येतो.

मामंजींचा सगळ्यात गाजलेला धडा म्हणजे विजयदुर्गाची गोदी. मराठ्यांच्या आरमाराची जहाजं जिथं बांधली जायची, दुरुस्त व्हायची, ती खाडीकाठची, खडकात खोदलेली गोदी. पाठ्यपुस्तकात तिच्यावर जेमतेम दीड ओळ होती. मामंजी त्या दीड ओळीवर तीन तास घेत. आधी फळ्यावर खाडी, मग खडक, मग खडकातला उतार, उतारावर जहाज, आणि जहाजापुढे हत्ती. एकूण बारा हत्ती, सहा-सहाच्या दोन रांगा. दोरखंड कसला, माहुताची हाक कशी, एखादा हत्ती अडून बसला तर त्याला गूळ कसा दाखवायचा, हे सगळं ते अशा तपशिलात सांगत, की पोरांना वाटे सर तिथं गूळ घेऊन उभेच होते.

मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माझाही हा धडा झाला. मी भाकऱ्या थापत होते आणि ते उंबऱ्यावर उभे राहून हत्ती ओढत होते. मी विचारलं, "मामंजी, हे हत्तींचं कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं सगळंच असतं असं नाही," ते म्हणाले. "काही गोष्टी तर्काने कळतात. एवढं वजनदार जहाज पाण्यातून वर खडकावर न्यायचं म्हणजे हत्तीशिवाय कसं जाईल?"

तेवढ्यात परातीवर लसूण सोलत बसलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "मी आले तवा चारच हत्ती हुते."

मामंजी उंबऱ्यावरून वळून बाहेरच्या खोलीत गेले. मला मात्र घराची रीत कळली.

आता गंमत अशी, की मामंजींनी विजयदुर्ग कधी पाहिलाच नव्हता. दर मे महिन्यात जायचं ठरे आणि दर मे महिन्यात कुणाचं तरी लग्न निघे, नाहीतर पेपर तपासायला येत, नाहीतर गुडघा दुखे. ते निवृत्त झाले तरी विजयदुर्ग राहिलाच. पण हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं, आणि आम्हीही सांगायला गेलो नव्हतो.

ही गोष्ट आहे नव्वदच्या दशकातली. तेव्हा गणपतीत हलत्या देखाव्यांचं वेड शिगेला पोचलेलं होतं. शेजारच्या गल्लीनं आदल्या वर्षी मान हलवणारा राक्षस केला होता आणि तो बघायला आख्खं शहर लोटलं होतं. आमच्या गल्लीच्या तालमीला हे फार लागलं. तालमीचे वस्ताद म्हणजे एके काळचे पैलवान, आवाज असा की ते घरात चहा मागायचे आणि चहा कोपऱ्यावरचा टपरीवाला पाठवायचा. त्यांनी एप्रिलमध्येच बैठक बोलावली आणि सांगून टाकलं, "औंदा आपुन सरांची गोदी करायची. बारा हत्ती! बगू कोण म्होरं जातंय."

आमच्या पेठेची कामाची पद्धत अशी, की आधी हत्ती करायचे आणि मग जागा बघायची. मेच्या पहिल्या आठवड्यात तालमीत दोन हत्ती उभे राहिलेसुद्धा. बांबूचा सांगाडा, वर गोणपाट आणि कागदाचा लगदा, पोटात जुन्या पंख्याची मोटर. मोटर लावली की सोंड वरखाली व्हायची आणि कान फडफडायचे. उरलेले दहा हत्ती मागच्या पडद्यावर रंगवायचे होते. निवेदन मामंजींच्या आवाजात टेप करायचं होतं.

आणि मग एक दिवस वस्ताद घरी आले. "सर, येकदा जागंवर जाऊन येऊ. उताराचं माप पायजे. पोरास्नीबी दावून आणू."

मामंजींचा चेहरा पडला. वस्तादांना तो दिसला नाही, मला दिसला. ते गेल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. गुडघा."

"मामंजी, तिथं उतार आहे ना?"

"असायलाच पाहिजे," ते म्हणाले. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि हळूच म्हणाले, "नसला तर मी तीस वर्षं काय शिकवत होतो?"

मला त्यांची दया आली, आणि रागही आला. एवढी काळजी होती तर आधी एकदा एसटीत बसून जाऊन यायचं होतं. पण आता काही बोलून उपयोग नव्हता, तालमीत हत्ती सोंड हलवत होते.

सहलीचा दिवस ठरवायला चार बैठका लागल्या. कोल्हापूरच्या माणसाला सहल म्हणजे मटण, आणि मटण म्हणजे वार. सोमवार शंकराचा, मंगळवार अंबाबाईचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, आणि तालमीत शनिवार मोडणारा माणूस जिवंत राहत नाही. शुक्रवारी अर्ध्यांच्या बायकांचे उपास. बुधवारी दुकानं चालू. राहिला रविवार, तर रविवारी जोतिबा पाळणारे दोघं निघाले. त्यांनी बरीच घालमेल करून घाट उतरल्यावर चालतं असा निकाल आपला आपणच दिला. पंचांगात संकष्टी पुढच्या रविवारी नव्हे, त्याच्या दुसऱ्या दिवशी निघाली, म्हणजे तो रविवार मोकळा होता. चंद्र कुठल्या तिथीला कुठं आहे याचा एवढा बारीक विचार आम्ही मटणासाठी केला. समुद्रासाठीही तो करावा लागतो हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

पहाटे चारला, एरवी सीटवर प्रवासी भरून नेणाऱ्या, दोन वडापच्या जीप निघाल्या. बायकांत मी एकटीच. मामंजींना साखर होती, त्यांच्या गोळ्या आणि पथ्य सांभाळायला सासूबाईंनी मला पाठवलं होतं. बाहेर गेल्यावर आमच्याकडे मटण पुरुष शिजवतात आणि बाईला पातेल्याजवळ उभं राहू देत नाहीत, त्यामुळे मला दुसरं काही कामही नव्हतं. जीपच्या टपावर लाकडं, दोन मोठी पातेली, बर्फात ठेवलेलं मटण, चटणीचे डबे आणि पोतंभर नारळ. कोकणात जाताना कोल्हापुरातून नारळ नेणारी माणसं जगात आम्हीच असू. मी वस्तादांना म्हटलं तर म्हणाले, "तिकडचा नारळ आपल्या पांढऱ्या रश्श्याला मानवत न्हाय."

गगनबावड्याचा घाट उतरलो आणि आठच्या सुमाराला विजयदुर्गाला पोचलो. आणि खरं सांगते, किल्ल्यावर मामंजी वेगळेच झाले. समुद्र त्यांनी जन्मात तिसऱ्यांदा पाहिला असेल, पण तिहेरी तट कुठून सुरू होतो, दरवाजा असा वळणात का दडवलाय, कुठल्या बुरुजावरून खाडीचं तोंड दिसतं, हे ते न चुकता सांगत गेले. आणि प्रत्येक गोष्ट जिथं म्हणतील तिथं असायची. समुद्रात पाण्याखाली दडवलेली भिंत आहे, शत्रूची जहाजं तिच्यावर येऊन फुटायची, हे त्यांनी सांगितलं तेव्हा तालमीच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. वाऱ्यानं त्यांची टोपी उडाली ती दोघांनी पळत जाऊन आणली. मामंजींचा चेहरा उजळला. मलाही वाटलं, उतारही असणार. पुस्तकातून एवढं सगळं बरोबर कळलं तर तो का नसेल?

वस्तादांचं लक्ष मात्र निराळीकडे. "हितं वारं लई हाय. चूल पेटायची न्हाय. चला सर, तुमच्या गोदीत."

वाटेत गिर्ये गावात रामेश्वराचं दर्शन घेतलं. देवळात जायला खडक फोडून वाट केलीय, उंच दगडी भिंतींमधून उतरत जावं लागतं. मामंजींनी त्या भिंतींवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "ज्यांनी हे फोडलं त्यांना उतार करणं काय अवघड?" मी मान हलवली.

साडेदहाच्या सुमाराला गोदीवर पोचलो.

गोदी म्हणजे खाडीच्या काठाला खडकात कोरलेली एक प्रचंड मोठी मोकळी जागा. तीन बाजूंना कातळाच्या उभ्या भिंती, एका अंगाला थोडं दगडी बांधकाम आणि माणसापुरत्या चिंचोळ्या पायऱ्या, चौथी बाजू खाडीकडे उघडी. मध्ये तळाला उन्हानं वरवर वाळलेला चिखल, दगड-गोटे आणि थोडं शेवाळ. खाडीचं पाणी बरंच लांब होतं. बघणाऱ्याला दबदबा वाटावा अशीच ती जागा होती, आणि आमच्या लोकांनाही तो वाटला. "बाबौ," वस्ताद म्हणाले, "हितं तर मैदान भरवता येतंय की कुस्त्यांचं." आणि दुसऱ्याच श्वासाला, "वारंबी न्हाय. चूल मांडा रं खाली."

मामंजी मात्र भिंतीच्या कडेकडेने चालत होते. पहिली भिंत उभी. दुसरी भिंत उभी. तिसरीही उभी. हत्ती सोडा, शेळी उतरणार नाही इतकी उभी. ते तिन्ही भिंती दोनदा चालून आले. मी त्यांच्या मागे गोळ्यांची पिशवी घेऊन.

"उतार लाकडाचा असेल," ते अखेर म्हणाले. "लाकूड कुजून गेलं."

"असेल," मी म्हटलं.

"तू उगाच हो म्हणू नकोस."

मग ते गोदीच्या अगदी मधोमध एक मोठा खडक होता त्यावर जाऊन बसले, वही काढली आणि आमच्याकडे पाठ करून काहीतरी रेघोट्या मारू लागले. मी त्यांना एकटं सोडलं.

इकडे चुली पेटल्या. त्याच वेळी खाडीच्या बाजूनं एक बाई आली. पन्नाशीची, काटक, कमरेला पदर खोचलेला, हातात खडकावरची शिंपल्यांसारखी कालवं फोडायचं छोटं हत्यार आणि एक टोपली. तिनं आमचा संसार बघितला आणि थांबली.

"खंयसून इलात?"

"कोल्हापूर," वस्ताद म्हणाले. "या की जेवायला, मावशी."

"तां ऱ्हवांदे. हयसर चूल मांडू नका. आता भरती येतली. सगळ्यात पाणी भरतला."

वस्तादांनी आकाशाकडे पाहिलं. आम्हीही सगळ्यांनी आकाशाकडे पाहिलं. मे महिन्याचं निळंशार आभाळ, ढगाचा ठिपका नाही. आता इथं आमची बाजू समजून घ्यायला पाहिजे. कोल्हापूरच्या माणसाला पाणी म्हणजे पंचगंगेचं. ते चढायला आधी गगनबावड्याला पाऊस पडावा लागतो, मग राधानगरीला, मग दोन दिवस बंधाऱ्यावर जाऊन काठीनं माप घ्यायचं, चौकात चर्चा करायची, आणि मग ते येतं. वस्ताद तर पुराच्या पाण्यातले जाणकार. दरसाल पाणी कुठल्या पायरीला लागणार ते आधी सांगायचे.

"मावशी, पाऊस न्हाय, ढग न्हाय, पाणी येतंय कुठनं?"

"समुद्रातसून," ती म्हणाली.

"ते लांब हाय की."

ती बाई माझ्याकडे वळली. बाईमाणूस आहे, हिला तरी अक्कल असेल असं तिला वाटलं असावं. आणि मी, जिचं माहेर कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ, जिच्या घरात दर दोन-तीन वर्षांनी पाणी शिरायचं, मी कमरेवर हात ठेवून तिला म्हटलं, "आम्ही पुरातली माणसं आहोत, मावशी. पाणी आम्हाला नवीन नाही." आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

ती खांदे उडवून निघून गेली. वस्तादांनी खबरदारी म्हणून पाण्याच्या बाजूला एक काठी रोवली आणि मोठ्यानं म्हणाले, "ह्या काठीला पाणी लागलं तर सांगा." मग सगळे मटणाकडे वळले आणि काठीकडे कुणीही परत पाहिलं नाही.

समुद्राचं पाणी पुरासारखं येत नाही. पुराला आवाज असतो, वास असतो, गढूळपणा असतो. हे पाणी आवाज न करता, चिखलाच्या भेगाभेगांतून वाट काढत आलं. पहिल्यांदा माझ्या चपला ओल्या झाल्या. मला वाटलं कुणीतरी हात धुतले. मग एका चुलीनं फस्स केलं. मग एकजण ओरडला, "वस्ताद, काठी न्हाय!"

त्यानंतर जे झालं ते सांगायला मला अजून लाज वाटते. तांबडा रस्सा तयार होता, पांढऱ्याला शेवटची उकळी यायची होती. सतरा माणसं पातेल्यांवर तुटून पडली. वस्तादांनी हाताला पोती गुंडाळून तांबड्याचं पातेलं एकट्यानं उचललं, चार पावलं गेले, आणि पाचवं पाऊल चिखलात गुडघ्याइतकं रुतलं. पैलवान एके काळचे, तोल सावरला. पातेल्यानं नाही सावरला. आरमाराच्या त्या ऐतिहासिक गोदीत लालभडक तर्री पसरत गेली आणि तिच्यावर मटणाच्या फोडी हळूहळू खाडीकडे निघाल्या. एकजण गळाभर पाण्यात उभा असल्यासारखा ओरडत होता, पाणी पोटरीएवढं होतं.

आणि मी? मी पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्याचा एक कान धरून पायऱ्यांनी काठावर चढले होते. पातेलं सुखरूप खाली ठेवलं, घाम पुसला, आणि मग कुणीतरी विचारलं, "सर कुठं हायती?"

सर गोदीच्या मधोमध. त्या खडकावर, वही छातीशी धरून, चारी बाजूंनी पाणी. ज्या माणसाला सांभाळायला मला पाठवलं होतं त्याला विसरून मी रस्सा वाचवला होता. मी हाका मारू लागले, पोरं पाण्यात उतरू लागली, पण खाली चिखल रुतवत होता आणि एव्हाना पाणी मांडीला लागत होतं. दुखऱ्या गुडघ्याच्या म्हाताऱ्या माणसानं त्यातून चालत येणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात खाडीकडून एक होडी आली. तीच कालवंवाली बाई वल्हवत होती. लांबून बघत असणार. होडी उघड्या बाजूनं गोदीत शिरली, घटकेपूर्वी जिथं आमच्या चुली होत्या त्यांच्यावरून अलगद तरंगत गेली, आणि मामंजींच्या खडकाला येऊन टेकली. कुणी ढकलली नाही, कुणी ओढली नाही.

मामंजी होडीत बसले नाहीत. उभेच राहिले आणि होडीकडे बघत राहिले. मग पाण्याकडे. मग त्या उघड्या बाजूकडे. आम्ही काठावरून ओरडतोय, "बसा, सर, बसा!" आणि ते त्या बाईला विचारतायत, "मोठी गलबतंसुद्धा अशीच येत होती काय हो?"

"मगे काय माणसां डोक्यार घेवन येतली?" बाई म्हणाली. "पाणी हाडता, पाणीच व्हरता. मधी माणसान फकस्त दार लावचा."

तिचं बोलणं आम्हा सगळ्यांना कळलं: पाणीच आणतं, पाणीच नेतं. भरतीला जहाज तरंगत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी आपण होऊन निघून जातं, तोंड बंद करायचं, की जहाज कोरड्यावर. दुरुस्ती झाली की पुन्हा दार उघडायचं आणि भरतीची वाट बघायची. उतार नको, दोरखंड नको.

मामंजी मग होडीत बसले आणि होडी काठाला लागली. मी हात दिला. मामंजी वर चढले आणि एवढंच म्हणाले, "हत्ती नव्हते."

पांढरा रस्सा कुणाच्या घशाखाली उतरला नाही. त्या बाईनंच ओळखीच्या घरी भात आणि माशाची आमटी करायला लावली. वस्ताद काट्यांना शिव्या देत तीनदा भात घेऊन जेवले. परतीच्या वाटेवर घाट चढताना वस्ताद मागं वळून म्हणाले, "सर, आपुन कुणाला सांगाया नको. हत्ती झाल्यात न्हवं का दोन."

मामंजी चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. ज्वारी निवडत बसत. मला काही राहवेना. एक दिवस मी चहा ठेवला आणि म्हटलं, "मामंजी, जाऊ द्या आता. कुणाला काय कळतंय? कुणाचं काही बिघडलं का हत्तींनी?"

"एका पोराचं बिघडलं," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. खूप वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एका मुलानं हात वर केला होता आणि विचारलं होतं, सर, हत्ती कशाला, पाणीच आत घेतलं तर? वर्ग हसला. मामंजींना वाटलं पोरगं टिंगल करतंय. त्यांनी त्याच्या हातावर छड्या मारल्या, आणि जहाजे हत्तींनी ओढली हे वाक्य पन्नास वेळा लिहून आणायला लावलं. त्यानं लिहून आणलं. अक्षर फार सुरेख होतं म्हणे.

"मला तेव्हा एक क्षण वाटलं होतं, की हा म्हणतोय ते बरोबर असेल," मामंजी म्हणाले. "म्हणून तर जास्त मारलं."

एवढी वर्षं त्यांची चेष्टा करत आले, पण हे वाक्य ऐकून मला रडू आलं.

त्याच संध्याकाळी ते तालमीत गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की हत्ती चुकीचे आहेत, मी तीस वर्षं चुकीचं शिकवलं, देखाव्यात पाणी दाखवा. वस्तादांनी दोन्ही हत्तींकडे पाहिलं. मोटर चालूच होती, दोघे आपले कान हलवत उभे. "सर, तुमी म्हंत्यासा तर पाणी करू," वस्ताद म्हणाले, "पर ह्येनी आता कुठं जायाचं?" शेवटी ते हत्ती मंडपाच्या दाराशी स्वागताला ठेवले. देखाव्याची टाकी गळली आणि गणपतीचे सगळे दिवस लोकांनी चपला हातात घेऊन गोदी पाहिली, पण तो भाग वेगळा.

तालमीत सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मामंजी मला म्हणाले, "चल." आम्ही रिक्षानं उद्यमनगरात गेलो. तो मुलगा आता चाळिशीला आलेला, स्वतःचं लेथचं दुकान, शेतीपंपाचे भाग करायचा. दुकानामागेच घर. सरांना बघून त्यानं मशीन बंद केलं, हात पुसले, खुर्ची फडक्यानं झाडली, पाया पडला. बायकोला आतून चहा सांगितला. वडील कसे, आई कशी, असं सगळं झालं. मामंजी खुर्चीवर बसले नाहीत.

"तू आठवीत मला एक प्रश्न विचारला होतास," ते म्हणाले. "गोदीचा."

"व्हय सर," तो हसला. "आनि मार खाल्लेला. पन्नास येळा लिवलंतं."

"तुझं बरोबर होतं. मी जाऊन बघून आलो. हत्ती नव्हते, पाणीच होतं."

मला वाटलं तो खूश होईल, मांडीवर थाप मारेल, बघा मी म्हणत होतो म्हणेल. त्याचं हसणं मात्र मावळलं. तो हातातल्या फडक्याची उगाच घडी करत राहिला.

"सर," तो म्हणाला, "माझी थोरली सातवीत हाय. गेल्या म्हैन्यात तिला मीच गोदी सांगितली. तुमी सांगितलेली, तशीच. बारा हत्ती. ती म्हनली, अब्बा, पाणी आत सोडलं तर जहाज आपोआप यील की. मी तिला वरडलो. म्हनलं, आमच्या सरांनी शिकवलंय, तू काय सरांपेक्षा शानी हायस?"

मामंजींनी डोळे मिटले. मग त्यांनी विचारलं, "कुठं आहे ती?"

"आत हाय, सुट्टीचा अभ्यास करतीया. ऱ्हाऊ दे सर, मी सांगतो तिला नंतर."

"तू नको. मी सांगतो."

"सर, पोरीसमोर तुमी असं... बरं दिसत न्हाय."

"तुला मी वर्गासमोर मारलं होतं," मामंजी म्हणाले.

त्यानं मग पडदा बाजूला केला. आत चटईवर वह्या पसरून दोन वेण्या घातलेली एक मुलगी बसली होती. ती उठून उभी राहिली. मामंजी दाराच्या चौकटीला धरून, दुखरा गुडघा वाकवत, हळूहळू खाली तिच्या चटईवर बसले. मी धरायला पुढे झाले तर त्यांनी हात झटकला.

"बस, बाळ," ते म्हणाले. "तुझ्या अब्बांना मी चुकीचं शिकवलं होतं. पाणी आत आलं, की जहाज कसं येतं, ते तू मला सांग. आणि मग पाणी बाहेर कसं काढायचं तेही सांग."

मुलीनं बापाकडे पाहिलं. तो पडद्याला धरून उभा होता. मग तिनं वही उलटी केली, मागच्या पानावर एक रेघ मारली आणि म्हणाली, "ही खाडी हाय."

मामंजींनी खिशातून चष्मा काढून लावला.